पुढे गेलेला पाय

मिरजेच्या दवाखान्यात कारकुनानं कागद सरकवला.
"सही करा. विल्हेवाट आम्ही लावतो."
तो शब्द मी दोनदा वाचला.
म्हटलं, नको, आम्ही नेतो.
"आम्ही म्हणजे?"
मी एकटीच होते.

उजवा पाय, गुडघ्याखालून.
हिरवं कापड, वर प्लास्टिक, वर चिकटपट्टी,
पट्टीवर पेनानं: दस्तगीर बाबालाल नदाफ, वय बासष्ट.

रिक्षात मांडीवर घेतला.
इतका जड असेल वाटलं नव्हतं.
थोरल्याला पहिल्यांदा घरी आणला तेव्हा
असाच एक हात वरून, एक खालून.
सुखदेव रिक्षावाला आरशात बघून म्हणाला,
"सतार का, ताई? दुरुस्तीला होती?"
"अब्बांचा पाय."
त्यानं रेडिओ बंद केला.
विश्रामबाग मागे पडेपर्यंत
हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

अब्बा हरिपूरच्या पेवांत हमाल.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, ते सांगायचे,
आधी आतला श्वास बाहेर जाऊ द्यायचा,
कंदील सोडून बघायचा, मग माणूस.
दुसऱ्याची हळद, दुसऱ्याचं नाव,
आपण फक्त काढायची आणि ठेवायची.
ती टाचेच्या भेगांत जाऊन बसली ती बसलीच.
जुम्म्याला दगडानं घासायचे,
मोरीतून पिवळं पाणी जायचं,
टाच तशीच.
नर्सनं विचारलं होतं, कावीळ आहे का यांना?

आदल्या रात्री त्यांना पायाची नाही,
साक्षीची काळजी.
"त्या दिवशी जिभेला कुलूप, बेटा.
हात बोलणार, पाय बोलणार.
आणि हा माझ्याआधी जाऊन बसणार.
मी नसताना काय काय सांगेल?"
पोती सांगेल, मी म्हटलं.
"पोती सांगेल. तमाशाचा तंबूपण सांगेल."
हसले.
मग बराच वेळ छताकडे बघत राहिले.

कब्रस्तानच्या फाटकाशी इलाहीचाचा.
बायकांनी इथपर्यंत.
त्यांनी दोन्ही हात पुढे केले,
मला सोडवेना, म्हणून थांबले.
"याला नमाज नाही," हळूच म्हणाले,
"कापड आणि माती, बास.
आपला कुठं होता? ठेवायला दिलेला.
ज्याचा त्याला."
गजांमधून दिसलं तेवढं बघितलं:
कुदळ, चिंचेची सावली,
आणि माती तळव्यानं दाबणं,
पेवाचं तोंड लिंपताना अब्बा दाबायचे तसं.
पेवाची पावती तरी मिळायची.

आता अब्बा खुर्चीवर बसून वजू करतात.
चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओली बोटं,
मग आधी उजवा.
तांब्या तिकडे वाकतो.
पाणी थेट फरशीवर.
हाफिजजींनी सांगून झालं,
जे नाही त्याचं धुणं माफ आहे.
"ठाऊक आहे," म्हणतात अब्बा,
आणि पुन्हा ओततात.
मग डावा.

रात्री खाज सुटते. तिथंच, टाचेला.
"बोलायला लागला वाटतं," अंधारात म्हणतात,
आणि मला हाक मारून दगड मागतात.
मी मोरीतनं आणून देते.