टाचेला मेजवानी

सालमीनच्या डाव्या टाचेला भोक पडलंय,
साखरेनं पोखरलेलं.
टाच बधिर. खडा रुतला तेव्हाही बोलली नाही.
दोआनच्या खोऱ्यात दवाखान्याची गाडी
महिन्यातून एकदा येते, तीही डिझेल असलं तर.

म्हणून मी जखम धुते
आणि फडक्याला मध लावते,
बोरीच्या फुलांचा, काळसर, इतका दाट
की चमचा उलटा केला तरी
पडावं की नाही, याचा विचार करत राहणारा.

मध जंतूंच्या तोंडचं पाणी पळवतो,
एवढंच मला नर्सिंगला शिकवलं.
बाकीचं सालमीनला ठाऊक:
चाळीस वर्षं पेट्या आधी उंटावर, मग ट्रकवर लादून
तो फुलोऱ्यामागे हिंडला.
गेल्या अकरा वर्षांत बोटसुद्धा चाटलेलं नाही.

"जिभेला बंदी, टाचेला मेजवानी,"
तो म्हणतो, आणि छताकडे बघत राहतो.

विसाव्या दिवशी वास गेला.
कडेनं कोवळं, गुलाबी काहीतरी
आत सरकू लागलं होतं.
मी पट्टी सोडत होते, तेवढ्यात खिडकीतून
एक मधमाशी आली, टाचेभोवती घुटमळली.
मी हात उगारला.

"राहू दे," सालमीन म्हणाला,
"माल तिचाच आहे."