विर्वेचं माप

दर नोव्हेंबरात ती येते, नवी विजार शिवायला.
हापसालूत तिचं खरं माप ठाऊक असलेली मी एकटीच:
उजवी मांडी डावीपेक्षा चार सेंटिमीटर जाड.
तेवीस वर्षं एकाच पायावर झेपावलं की होतं तसं.
दुकानातली तयार विजार तिला कधी बसली नाही.
ती जिंकून आली तेव्हा गावाने बँड लावला होता.
तिच्या पांढऱ्या जाकिटाची उसवलेली काख
आदल्या महिन्यात मीच शिवली होती,
हे बँडवाल्यांना कुठून माहीत असणार.

आता ती बर्फ मोजते.
धक्क्यापासून वोर्म्सी बेटापर्यंत समुद्र गोठला
की सगळ्यांत आधी तिनं जायचं.
हातात पहार, कमरेला दोर,
दोराच्या दुसऱ्या टोकाला काल्यू,
जो घाबरट आहे, म्हणूनच तिने निवडलाय.
ती टोचते. थांबते. ऐकते.
बावीस सेंटिमीटर भरला तर गाड्या सोडायच्या,
एकवीस भरला तर नाही.
बेटावरचा दूधवाला कातावतो,
"एका सेंटिमीटरने काय बिघडतंय?"
विचारतो कोणाला, तर तिला!

मी एकदा विचारलं, तलवार आठवते का गं?
तोंडात टाचण्या होत्या, प्रश्न अर्धाच बाहेर आला.
"टोक आठवतं," ती म्हणाली.
"लागायच्या आधीच हाताला कळायचं
समोरची मागे सरणार की नाही.
बर्फ मागे सरत नाही. तो वाट बघतो."
मग म्हणाली, खिसे खोल ठेव, किल्ल्या पडतात.

गेले तीन हिवाळे समुद्र गोठलाच नाही.
काल्यू फिनलंडला गेला, बांधकामावर.
ती फेरीबोटीची तिकिटं तपासते,
पहार धक्क्यावरच्या खोलीत उभी आहे.

यंदा मी टेप लावली.
पुन्हा लावली.
दोन्ही मांड्या सारख्या.
वहीत मी जुनाच आकडा लिहिला
आणि कापडही त्याच मापाने कापलं.

विजार चढवून ती दर वर्षी एकदाच झेपावते,
आरशासमोर, उजवा पाय पुढे.
शिवण किरकिरते, मी कान देते,
मग आम्ही पैशांचं बोलतो.
या वेळी तिने झेप घेतली. गुडघा तसाच काटकोनात.
शिवण काही बोलली नाही.
ती तशीच थांबली थोडी, मीही.

"आतून लोकरीचा मोजा मावेल," ती म्हणाली,
आणि पैसे दिले, सुटे,
दोनदा मोजून.