केसपेपर

डॉक्टर विचारतात, मान कधीपासून दुखते?
मी फ्रेंचमध्ये विचारते.
खुर्चीत मावला नाही म्हणून तो तपासणीच्या टेबलावर बसलाय,
पाय तरीही जमिनीला टेकलेले.
म्हणतो, कुठली बाजू?

मी तासाच्या दराने शब्द पोचवते.
चाकणच्या कारखान्यांतल्या मीटिंगा,
पासपोर्टाची भानगड, एकदा कौटुंबिक न्यायालय.
हाडांचं काम पहिलंच.

लिहून घ्या:
झेरोम बोर्दनाव, वय एक्कावन्न, राहणार मोशी.
आडनावातच नाव, असं म्हणून डॉ. अभ्यंकर एकटेच हसतात.
हे मी पलीकडे पोचवत नाही.
व्यवसाय: रबराच्या कारखान्यात तपासनीस.
त्याआधी?
त्याआधी सोळा वर्षं रग्बी.
पहिल्या ओळीत, मधोमध, पाठीवर दोनचा आकडा.

इथे मी अडते.
आठजण आठजणांना खांद्याने भिडतात, माना एकमेकांत अडकवून,
आणि चेंडू खाली पायांत कुठेतरी.
त्याला त्याचा शब्द आहे. माझ्याकडे नाही.
झुंज म्हणावं तर एडके दिसतात,
रेटारेटी म्हणावं तर स्वारगेट.
डॉक्टर पेन उचलून थांबलेत.
मी म्हणते, रेटा.
असे किती रेटे, एकूण?
तो छताकडे बघत हिशेब लावतो,
सामन्याला वीस, वर्षाला तीस सामने,
सरावाचे धरले तर
आणि मग नुसता हात हलवतो.
डॉक्टर लिहितात: भरपूर.

डावं गळ्याचं हाड: नव्व्याण्णव, डिसेंबर, चिखल.
नाक तीनदा. तिसऱ्यांदा आपल्याच माणसाच्या डोक्याने.
बरगड्या मोजायचं सोडून दिलं.
ही करंगळी खेळात गेली नाही,
क्लबने सात महिन्यांचा पगार बुडवला
त्या दिवशी त्यांच्याच दरवाजावर गेली.
आणि ओठावरची ही खूण?
गाढव, तो म्हणतो. लहानपणी. काकाचं.

मग न विचारताच सांगतो,
एकदा मोठ्या संघाने बोलावलं होतं.
राखीव, सोळा नंबर.
शेवटची चार मिनिटं आत सोडलं.
त्या चार मिनिटांत एकही रेटा झाला नाही,
चेंडू दुसऱ्याच टोकाला होता.
मी सगळं सांगते. डॉक्टर म्हणतात,
यात दुखापत काही?
मी विचारते.
तो जरा वेळाने म्हणतो, नाही.
डॉक्टर ओळ सोडून पुढे जातात.

एमआरआयला न्यायला सोपान ढमढेरे येतो.
वॉर्डबॉय म्हणायचं, पण साठीला टेकलेला.
चाकांची खुर्ची दारात तशीच ठेवून
तो बोर्दनावच्या कानाकडे बघत राहतो.
करंजीची मुरड चुकून तळणीत पडावी
तसा तो कान.
सोपान मराठीतच विचारतो, कुठली तालीम?
मी घसा साफ करते,
तोवर त्याने मान न हलवता अंगच वळवून
दुसरा कान दाखवलाय.
सोपान टोपी काढतो. तेच, दोन्हीकडे.
मग त्याचा पंजा पाहुण्याच्या मानेमागे जातो,
पाहुण्याचं कपाळ त्याच्या खांद्यावर येतं
आणि टेबल भिंतीकडे वीतभर सरकतं.
अहो मान, मान! डॉक्टर ओरडतात.
हेही मी पोचवत नाही.

निकाल आला. दोन मणके घासलेत, तिसरा वाटेवर.
रविवारी खडकीच्या मैदानावर पोरींना शिकवता
ते चालू द्या, पण बाहेर उभं राहून.
बाहेर म्हणजे कुठे, तो विचारतो.
रेघेच्या बाहेर, मी माझ्याच मनाने सांगते.
त्याला रेघ कळते.

फाटकाशी तो विचारतो, त्याने काय म्हटलं होतं, तालीम?
मी म्हणते, जिथे कुस्ती शिकतात ती जागा. शिकणंही.
नाटकाचा सराव, त्यालाही हेच.
आणि ते, खोलीत झालं ते?
मला सांगता येत नाही.
बिलात मी दीड तास लावलाय,
पाच मिनिटं वजा करून.

रिक्षा उजवीकडून येते.
तो मान वळवत नाही,
अख्खा वळतो.