आटण्याचा हिशेब

हिंदुराव वस्तादांना मी इंजेक्शन घेताना घडवलं.
नऊ फूट. लंगोट. डोळे गच्च मिटलेले,
एक हात स्टुलावर टेकलेला,
दुसऱ्या हाताच्या चिमटीत
रेहाना सिस्टरच्या एप्रनचं टोक.
सिस्टर जेमतेम माझ्या गुडघ्याएवढी,
पण सुई तिच्या हातात.

बापट कॅम्पात गणपतीचे साचे उन्हाला काढतात
त्याच्या मागच्या अंगाला माझं शेड.
येणारे-जाणारे डोकावतात,
नमस्काराला हात अर्ध्यापर्यंत नेतात,
मग त्याच हातानं डोकं खाजवतात.

पोट पोकळ ठेवायचं, हे कुणाला पटत नाही.
भरीव पैलवान भट्टीत फुटतो.
वाफेला वाट म्हणून बेंबी आरपार,
आणि दुसरं भोक
जिथं सुई टोचलीय तिथं.

दौलू वळ्या लावायचा, दिवसाला चार बोटं,
खालची माती धरल्याशिवाय वर ओझं नाही.
श्रावणभर वस्ताद कमरेपर्यंतच होते,
ओल्या पोत्यात गुंडाळलेले.
तेवढ्यात शेजारची मांजर त्यांच्या मांडीत व्याली.
तीन पिल्लं.
भट्टी लांबली.

एका दुपारी ते स्वतःच आले,
गंगावेशीतनं, हातात दुधाची किटली.
सगळीकडनं फिरून बघितलं.
‘काय गं, माझं ढुंगण एवढं हाय व्हय?’
म्हटलं, वस्ताद, ही माती आटते,
वाळताना थोडी, भाजताना थोडी,
फुटामागं दीड इंच धरा.
म्हणून आधीच वाढवून घ्यायचं.

गप्प झाले. टेप मागितला.
शर्टावरून स्वतःचा दंड मोजला,
मग मातीचा.
पुन्हा स्वतःचा, बाही वर सारून.
बोटांवर कसलासा हिशेब केला
आणि म्हणाले,
‘मला कुणी वाढवून घेतलंच न्हाई बघ.’
हसायला लागले ते किटली हिंदकळेपर्यंत.
सांडलेलं दूध मांजरीनं चाटलं.

शिरोलीच्या फौंड्रीतल्या जुन्या विटांची भट्टी,
तीन तुकडे, तीन खेपा.
आधी पाय, मग पोट,
डोकं सगळ्यात शेवटी.
ते गार व्हायला दोन दिवस गेले,
आणि ते दोन्ही दिवस वस्ताद
भाजून झालेल्या स्वतःच्या पायापाशी बसून होते,
पेपर वाचत,
एकच पान.

दार उघडलं. धग आली.
‘बघा,’ मी म्हटलं.
वळले तर त्यांचे डोळे गच्च मिटलेले,
आणि माझ्या एप्रनचं टोक
त्यांच्या चिमटीत.

आतून दौलू ओरडला,
‘डावा कान गेलाय!
बाकी सगळं हाय.’
वस्तादांनी न बघताच
आपला डावा कान चाचपला.
तो तर कुस्तीत केव्हाच चुरगळलेला.
‘बरोबर आलाय,’ म्हणाले.