उंबरा नसलेला हॉल

लँग्डन्स आर्मच्या आमच्या क्लबाला उंबरा नाही.
नवा माणूस दारात पाय उगाच उंच उचलतो
आणि हवेलाच ठेचकाळतो.
आम्ही हसत नाही. म्हणजे, मोठ्यानं हसत नाही.

न्यूफाउंडलंडच्या या खाडीतून गेले सव्वीस,
परतले अकरा.
त्या अकरांनी एकोणीसशे एकवीसच्या उन्हाळ्यात
खडकावर फुटलेल्या गलबताच्या फळ्या ओढून आणल्या,
वाफ देऊन सरळ केल्या, तरी पुरत्या सरळ झाल्या नाहीत.
उत्तरेची भिंत अजून फुगलेली आहे, शिडासारखी.
ॲम्ब्रोज हिस्कॉकला एकच हात, म्हणून खिळे दातांत.
लिअँडर पार्डी गुडघ्यांपाशी संपलेला,
चार चाकं ठोकलेल्या पाटावर बसून यायचा.
सुतारानं त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं,
आणि उंबऱ्यासाठी तासलेलं लाकूड
बाजूला ठेवलं. त्याचं पुढे बाक झालं.
पेन्शनसाठी त्या अकरांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले;
इथं झिजवायला उंबराच नव्हता.

इतिवृत्ताच्या सात वह्या आता माझ्याकडे.
पहिलीत युद्ध हा शब्द एकदाच येतो,
तोही खोडलेला.
बाकी कोळसा दोन पोती. दिव्याची काच.
मोझेस रिडआउटच्या बायकोला पीठ, न विचारता.
आणि दर हिवाळ्यात एक ओळ:
दाराखालून बर्फ आत येतो. विचार पुढच्या सभेत.

मग दुसऱ्या युद्धाची पोरं आली, त्यांत माझे वडील.
शेगडीजवळच्या खुर्च्या कुणाच्या, यावरून
दोन नोव्हेंबर दोन वेगळी पुष्पचक्रं वाहिली गेली.
तिसऱ्या वर्षी धुरांडं पेटलं.
बादल्या हातोहात देताना
कोण कुठल्या युद्धातला, हे विचारायला सवड नव्हती.

सहासष्ट साली सरकार म्हणालं, पलीकडे चला:
तिकडे रस्ता आहे, शाळा आहे, डॉक्टर आहे.
घरं तरंगत निघाली, एकेक.
हॉललाही पिंपं बांधली, पुढे सहा मोटारबोटी.
लिअँडर आत. एकाहत्तर वर्षांचा. उतरेना.
म्हणाला, मागच्या वेळी बोटीत घातलंत
तेव्हा कुठं नेताय ते सांगितलं नव्हतं.
या वेळी मला बघत जाऊ द्या.
मधल्या ओढीत पाणी आत शिरलं, अडवणार कोण?
पाट तरंगू लागला
आणि शेगडीचा पाय धरून तो हसत सुटला,
एवढा की पुढच्या बोटीवर ऐकू आलं.
वडिलांनी त्या रात्री लिहिलं:
हॉल सुखरूप. पार्डी ओला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.
कॉड संपला, पोरं तेलाच्या कामावर पश्चिमेला गेली,
शनिवारी बिंगो सुरू झाला, मग बिंगोही थकला.
आज सभासद चार. वीजबिल मात्र पूर्वीच्या चाळिसांचं.

चौथी मार्लिस बजेल. कंदाहारहून आलेली.
मंगळवारी येते, त्या बाकावर बसते,
फुगलेल्या भिंतीला पाठ, डोळे दाराकडे.
मी चहा ठेवते. ती थँक्यू म्हणते. बस.
लोक मला विचारतात, काही बोलली का?
मी सांगते, पहिल्या वहीचा अर्धा भाग
अशाच मंगळवारांचा आहे.

जानेवारीत विम्याचा माणूस आला.
टेप काढून दार मोजलं, खालची फट मोजली,
म्हणाला, साधा उंबरा बसवा हो,
दोन तासांचं काम.
आम्ही तिघं एकमेकांची तोंडं पाहत राहिलो.
मार्लिस उठली.
खुंटीवरचा जुना टॉवेल घेतला, पिळा दिला,
दाराशी गुडघे टेकून फटीत घट्ट बसवला,
टोकापासून टोकापर्यंत,
कधी कुणी शिकवलेलं नसताना.

त्या रात्री मी सातव्या वहीत लिहिलं:
उंबऱ्याचा विषय निघाला.
बर्फ आला, थोडा.
टॉवेल विरला आहे. नवा घ्यावा.