बॅरल

सोलापुरात कुठली आलीय ओल, असं बाहेरची माणसं म्हणतात.
त्यांनी आमची खोली बघितलेली नाही.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री अडीचला,
म्हणून पलंगाखाली कळशा, दाराआड पिंप,
आणि मोरीपासून कपाटापर्यंत निळी बॅरलं,
झाकणांना आतून घाम फुटलेला.
त्यात अम्माची विडीची पानं,
भिजवून गोणपाटात गुंडाळलेली,
कारण कोरडं पान कात्रीखाली चिरतं
आणि चिरलेल्या पानाची विडी कारखाना मोजत नाही.

ह्या सगळ्या ओलीत, वरच्या खणात, कुलपाआड,
नान्नांचं बॅरल.
बारा बोअर, एकनळी,
चाटी गल्लीतल्या बँकेच्या दारात
दहा ते सहा त्यांच्यासोबत उभी राहणारी.

खाकी कव्हर खुंटीला रिकामं लोंबायचं.
"कव्हरात घालून ठेवायची नाही.
कापड पाणी पितं, आणि रात्री लोखंडाला पाजतं."
काडतुसं दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या कुलपात,
किल्ली करदोट्याला.
चपलांच्या दुकानातला रेवणसिद्ध
खोक्यांतल्या पांढऱ्या पुड्या आमच्यासाठी राखून ठेवायचा.
त्या फोडून आतले मणी मी जुन्या तव्यावर भाजायची,
साबुदाण्यासारखे,
आणि मलमलीच्या चिंधीत बांधून परत खणात.

रविवारी सतरंजी.
आधी मोडून बघायचं, रिकामी आहे ना.
मग परत बघायचं.
चादरीच्या कारखान्यातलं उरलेलं सूत गजाला गुंडाळून
नळीतून ओढायचं, काळं येईल तोवर,
मग पांढरं येईल तोवर.
शिलाई मशीनचं तेल, थेंबभर.
"जास्त तेल धूळ धरतं."
"हात लागला? पूस.
घामात मीठ असतं, पोरी,
आणि मीठ झोपत नाही."

शेवटी नळी खिडकीकडे धरून विचारायचे,
"काय दिसतंय?"
एक डोळा मिटून मी सांगायची, चंद्र.
"डाग?"
नाही.

एका वर्षी निवडणुकीला सूट मिळाली नाही.
गड्डम लक्ष्मीपती राजय्या, एक नग, बारा बोअर,
अशी गुलाबी पावती घेऊन
नान्ना ठाण्यातून मोकळ्या हातांनी आले.
ते हात कुठे ठेवायचे त्यांना दोन दिवस कळेना.
दोन महिने वीस दिवसांनी ती परत आली.
तिकडच्या खोलीत अवकाळीचं पाणी गळत होतं म्हणे,
आणि हवालदारांनी काळजीपोटी
तिला पोत्यात गुंडाळून ठेवली होती.
अम्माच्या सुपातल्या तंबाखूच्या रंगाचा गंज,
तोंडापासून वीतभर आत.
नान्नांनी सही केली. थँक्यू म्हणाले.
मग नऊ रात्री गज, तारेचा ब्रश, तेल, चिंधी,
अम्मा शेजारी विड्या वळतेय,
दोघांच्या बोटांचा रंग एकच.
गंज गेला. देवीच्या वणासारखा एक खळगा राहिला.
त्या रविवारी त्यांनी मला विचारलं नाही
काय दिसतंय.

अठरा वर्षांत ती एकदाही बोलली नाही.
दरोडेखोर आले नाहीत, आली ती ओल.
मग बँक दुसऱ्या बँकेत गेली,
दारात कॅमेरा बसला,
परवाना जमा, बंदूक जमा.
त्या खणात आता अम्माचं विडी कार्ड
आणि माझी मार्कशीट, अजिबात न दमटलेली.

नान्ना अजून दाराची कडी लावतात
आणि धोतराच्या सोग्यानं पुसतात.
पंख्याचं बटण. सायकलचं हँडल.
अम्मा म्हणते, माझ्या बांगड्या तेवढ्या राहिल्या.

काल अडीचला नळ खोकला.
मी उठले तर ते आधीच मोरीत,
निळं बॅरल तिरकं करून, तळापर्यंत घासलेलं,
पाणी सोडायच्या आधी आत बघत होते,
एक डोळा मिटून.