छुट्टे

एम.वाय.च्या तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरनं विचारलं,
माताजी, नाम बताइए.
आईनं बराच वेळ शोधलं,
काउंटरखालचा ड्रॉवर चाचपावा तसं,
आणि म्हणाली,
"छुट्टे नहीं हैं."

तीस वर्षं सहकारी बँकेच्या राजवाडा शाखेत
काचेच्या अर्धगोल भोकातून
ती हे म्हणत आली होती.
बाकीचं गेलं. मराठी गेली,
'वरण' गेलं, 'दार' गेलं, माझं नाव गेलं,
सासरचं आडनाव तर बहुधा सगळ्यात आधी गेलं.
उरलं हे एक वाक्य,
तेही हिंदीतलं.

घरी आणायच्या आदल्या दिवशी
सतरंज्या गुंडाळल्या, उंबऱ्यावर फळी टाकली.
संडासात दांडा ठोकताना मिस्तरी म्हणाला,
"भिया, वजन कित्ता है अम्मा का?"
बाबांना माहीत नव्हतं.
एकेचाळीस वर्षांत
उचलायची वेळच आली नव्हती.

मग आम्ही शिकलो.
शेवट लांबवला, तर पाणी.
तोडून म्हटलं, तर पोटरीत गोळा.
रात्री तीनला म्हटलं की
बाबा दिवा लावतात, मी चादर बदलते,
आणि ती भिंतीकडे बघते,
आम्ही कुणी परके असल्यासारखी,
किंवा ती.
कधी कधी त्याला काहीच अर्थ नसतो.
हे कळायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

उजवा हात मांडीवर असतो,
"आलोच हं" म्हणून कुणी सांभाळायला दिलेल्या
पिशवीसारखा.
ती मधूनमधून त्याच्याकडे बघते.
मालक अजून आलेला नाही.

फिजिओवाली तरन्नुम अकराला येते, स्कूटी फाटकाशी लावून.
राजमा निवडायला दिला, आईनं ढकलून दिला.
रंगीत मणी दिले, तेही ढकलले.
शेवटी बाबांनी देवघरातला डबा आणला
आणि सगळी नाणी ताटात ओतली.

आईचा डावा हात थांबला.
मग निघाला.
एकाची रांग, दोनाची रांग,
पाचाची, जाड आणि पातळ वेगळी,
दहा झाली की एक बोट जागा सोडून.
तरन्नुम घड्याळ बघायची विसरली.
तेवढ्यात तळातून एक पंचवीस पैसे निघाले.
आईनं ते उचललं, उजेडाकडे धरलं,
आणि बाबांच्या पुढ्यात सरकवलं
त्या नजरेनं,
जी मी लहानपणी शाळा सुटल्यावर
बँकेतल्या बाकावर बसून कितीदा पाहिली होती:
हे चालत नाही, साहेब. बंद झालंय.

बाबा ते नाणं घेऊन मोरीत गेले.
नळ बराच वेळ चालू होता.

रविवारी सुमेधचा फोन आला, पुण्याहून.
दादा एक सेंटर बघून आलाय, बाग आहे, नर्स आहेत,
त्यांच्याकडे सगळं असतं, तुम्ही दोघं किती दिवस असे,
पैशांचं माझ्यावर सोडा.
फोन स्पीकरवर होता.
बाबांच्या हाताला पोह्यांची हळद,
पोह्यांत मीठ दोनदा पडलेलं,
वर जिरावण भुरभुरून लपवायचा बेत.
ते थोडं थांबले.
मग काचेपलीकडून बोलावं तसं,
कोरडं, कुणाकडेही न बघता म्हणाले,
"छुट्टे नहीं हैं."

दादा म्हणाला, काय?

आई हसली.
डावीकडून हसली, खांदा हलेपर्यंत,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
नाकातून एक विचित्र आवाज काढत,
आणि उजवी बाजू तशीच राहिली,
शटर ओढलेल्या काउंटरसारखी.

बाबा जेवताना नेहमी डावीकडे बसतात.
मी ताट घेऊन
दुसऱ्या बाजूला जाते.
तिथेही कुणीतरी
रांगेत उभं असायला हवं.